काळी भाकरी

मुहर्रकच्या त्या गल्लीत, तरावीह आटोपली की
उम्म राशिदच्या डोळ्यांत मी थेंब घालायचे
आणि टीव्ही लावायचे.
तिला दिसत नव्हतं. मला कळत नव्हतं.
दोघींचं मिळून एक धड माणूस
मालिका बघायला बसायचं.

तीस रात्री, तीस गोष्टी. कालची माणसं आज नाहीत.
मधली सून येता-जाता सांगून जायची:
आज बहीणभावाचं, आज म्हातारपणीचं,
आज त्याचं, ज्याचा जीव उंटावर.
प्रेमाचे एवढे प्रकार असतात
हे मिरजेच्या नर्सिंग कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.
हाडं दोनशे सहा. ती अजून पाठ आहेत.

मी प्रमिला. ती ब्रमीला म्हणते,
त्यांच्यात 'प' नाही.
आणि पाण्याला माय म्हणतात.
पहिल्या महिन्यात ती रात्री "माय, माय" करायची,
मला वाटायचं, आईची आठवण येतेय.
उशाशी बसून थोपटत राहिले,
पाणी दिलंच नाही.

तर, आवाज तिचा, चित्र माझं.
पन्नास शब्दांच्या अरबीत मी सांगायचे:
रय्याल. हुरमा. दार बंद.
"रडतेय का ती?"
"नाही. कांदा."
एकदा खरंच कांदा होता.

सतराव्या रात्री कुणी बोलेचना.
मी आवाज वाढवला. नुसती भांडी वाजत होती.
नवरा, बायको, स्वयंपाकघर, जेवण.
"शिनो? शिनो?" ती माझं मनगट हलवत होती.
रय्याल, म्हणाले. हुरमा. खुब्ज.
आणि मग काय झालं कोण जाणे,
मी सांगितलं, तो काळी भाकरी
गुपचूप स्वतःच्या ताटात ओढतो,
चांगली तिच्याकडे सरकवतो.
(करपलेलीला शब्द मला येत नव्हता.)

टीव्हीत असलं काही नव्हतं.
टीव्हीतला तो मोबाइल बघत होता.
हे आमच्याकडचं होतं,
एसटीच्या वर्कशॉपातून आलेले हात,
दोनदा धुऊनही नखांत ऑइल.
नऊ वर्षं झाली.

उम्म राशिद बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "नाव काय त्याचं?"
मालिकेतलं नाव सुनेला विचारता आलं असतं.
मी म्हणाले, "दिनकर."
"दिनकर," ती म्हणाली.
त्यात 'प' नाही. तिला नीट म्हणता आलं.

ईदनंतर मालिका संपली.
तरी त्याच वेळी थेंब, त्याच वेळी "लाव."
लावला. बातम्या होत्या, कुठेतरी काहीतरी जळत होतं.
बंद केला.
"शिनो?"
काळ्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो,
मध्ये खजुराची ताटली.
हुरमा, मी म्हणाले. हुरमा. खजूर.

"रडतेय का ती?"

मी नीट पाहिलं.
"कोणती?" विचारलं.