जमिनीवरची नोंद

मी समुद्राचं काम करते, धंतोलीत,
तिसऱ्या मजल्यावर, कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात.
मे महिना. बाहेर सत्तेचाळीस.
पडद्यावर हिंदी महासागर एकोणतीस अंशांवर पडून आहे
आणि मी त्याच्यावर थर चढवत जाते:
पृष्ठभागाचं तापमान, हरितद्रव्य, खोली, वारा.

कुणी कुणी जहाजांवरून पाहिलेली चारशे बारा पेट्रेल
माझ्याकडे येतात ती टिंबं होऊन.
जिथं कुणी पाहिलंच नाही
तिथं मी दहा हजार टिंबं टाकते,
'इथं नसावं' असं धरून.
नसावं आणि नाही
यांच्यामध्ये केवढं पाणी असतं
हे लिहायला अहवालात रकाना नाही.

रात्रभर मॉडेल चालतं.
सकाळी समुद्र संत्र्याच्या सालीसारखा सोलून येतो,
केशरी, पिवळा, कडेला हिरवट.
शून्य ते एक. पॉइंट त्र्याऐंशी म्हणजे बहुतेक असेल.
आणि देश कोरा.
जमीन मी पहिल्याच ओळीत झाकून टाकते.
झीरो माइलचे दगडी घोडे,
सीताबर्डीचा चढ, माझं टेबल,
सगळं 'माहिती उपलब्ध नाही'.

दिवसभर कूलरचे पंप खोलून आलेले बाबा
जेवताना विचारतात,
"तू पाह्यलं का ते पाखरू?"
नाही.
"अन् समुद्र?"
एकदा. दापोलीला, सहलीत. ओहोटी होती.
ते हसत नाहीत. भातावर वरण घेतात.
त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर मिठाच्या रेघा,
एकीच्या पोटात एक,
माझ्या नकाशावर खोली अशीच दाखवतात.

मग बंगालच्या उपसागरात वादळ झालं.
तिसऱ्या दिवशी अंबाझरीचे चौकीदार उईके
चपलांच्या खोक्यात काहीतरी घेऊन आले.
"पाणकावळा नाही, मॅडम.
तळ्याचं पाणी ठेवलं तं तोंड फिरवते."
चोचीवर नळी. नळीच्या टोकाशी थेंब.
मी बोटानं टिपला, जिभेवर ठेवला.

महाराजबागेकडचे डॉक्टर येईपर्यंत
खोकं हलकं झालं होतं,
किंवा मलाच तसं वाटलं.

मी नोंद भरली.
अक्षांश एकवीस, रेखांश एकोणऐंशी,
संख्या एक, निरीक्षक: उईके.
मॉडेलनं एक ओळ परत पाठवली:
चारशे तेरापैकी एक नोंद जमिनीवर. वगळली.

बरोबरच आहे त्याचं.
तरी रात्री मी त्या कोऱ्या देशाला
अंबाझरीपाशी एक भोक पाडलं, एका चौकोनाएवढं,
आणि सगळ्यात जवळच्या समुद्राचे आकडे
उसने आणून त्यात ओतले.

आकडा आला पॉइंट शून्य शून्य शून्य दोन.

बाबा जागेच होते, गच्चीवर.
त्यांना वाचून दाखवला.
"म्हणजे हाये," ते म्हणाले,
"थोडंसं."