दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर

रायलीनं माझ्या हातात खंजिरी दिली,
म्हणाली, अकॉर्डियन यंदा गाडीतच राहू दे.
बत्तीस वर्षं माझ्यासाठी रडलास, ताइस्तो,
आता जरा वाजव.

मी काय करत होतो मग?
भात्यात हवा भरायची, सोडायची,
तिच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला एक उसासा,
करारात लिहिल्याप्रमाणे.
तुर्कूपासून कुओपिओपर्यंत तळ्याकाठच्या नाचघरांत
बायका पर्स उघडून रुमाल काढत,
त्यातले निम्मे माझे, असं मी धरून चाललो होतो.

नवी गाणी पेप्पीनं बसवली आहेत.
पेप्पी सव्वीसची. बूट हिरवे.
संगणकावर बोट टेकवते आणि चार ट्रम्पेट उठून उभे राहतात,
ज्यांना जेवण लागत नाही, हॉटेलात खोली लागत नाही.
टाळी दुसऱ्यावर आणि चौथ्यावर, ती मला शिकवते,
पहिल्यावर नको, आजोबा, पहिल्यावर पलटण चालते.
माझा हात जन्मापासून पहिल्यावर पडतो.

पत्रकार विचारतात, आयुष्यात कोणी नवं आलंय का?
रायली सांगते, हो, गुडघा.
डावा. टायटॅनियमचा.
सरकारनं दिलाय, वापरायला नको?
ते हसतात, लिहून घेतात.
एका मासिकानं तिच्या पिवळ्या जाकिटाला दोन पानं दिली.
एन्सिओला एक ओळही नाही.

एन्सिओ तिचा नवरा.
नोव्हेंबरात सायकलला हिवाळी टायर चढवताना
शेडमध्येच गेला, पाना हातात.
मला वाटलं, आता ती गाईल
ते खरं गाणं, ज्याची इतकी वर्षं नुसती तालीम चालली होती.
मी त्यासाठी एक सुरावट
तयारही करून ठेवली होती. चर्चमध्ये. मागच्या बाकावर.
सांगायला लाज वाटते.

एप्रिलात तालमीनंतर,
गाडीच्या टपावर थर्मास ठेवून कॉफी ओतताना
ती माझ्याकडे न बघता बोलली :
तेव्हा तो घरी होता रे.
बटाटे उकडलेले, चूल धगधगती.
मी स्टेजवर विरहानं झुरायचे, मरायचे,
आणि रात्री दोनला येऊन
त्याच्या पोटरीला माझी गार पावलं लावून झोपायचे.
दुःख परवडत होतं मला.
आता नाही परवडत.

मी कप धरून उभा राहिलो.
कॉफी नेहमीसारखीच, पांचट.

काल ती रात्र होती, जूनमधली,
जी काळोख करायचं विसरते.
सॉसेजचा धूर, डास, लाकडी फरशीवर घासणारे जोडे.
डावीकडच्या खांबापाशी ती बाई. नाव माहीत नाही,
निळा कोट माहीत आहे. एकोणीस वर्षं.
रुमाल आधीच हातात.
ट्रम्पेट उठले. रायलीनं डावा पाय रोवला
आणि गर्रकन वळली.
बाईनं रुमालाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
जणू पैसे परत मागायचे तर इथेच मागावेत.
मी खंजिरी जरा वर उचलून दाखवली.
तिनं नाक शिंकरलं, पर्स मिटली
आणि सॉसेजच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

तिसऱ्या गाण्याला पाहतो तर
एका खूप उंच माणसाबरोबर नाचते आहे,
तोंडात घास.

त्याच गाण्यात, दुसऱ्या कडव्याआधी,
रायली एक श्वास जास्त घेते.
तिथे माझा उसासा असायचा.
पेप्पी म्हणते, ती फट बुजवून टाकू.
मी म्हटलं, असू दे,
तेवढ्यात मला मात्रा मोजता येतात.
एक, दोन.
कधीकधी बरोबर पडते.

परतताना रस्ता खराब होता.
मागच्या सीटवर अकॉर्डियनच्या पेटीतून
एका खड्ड्यात कण्हल्यासारखा आवाज आला, लांबलचक.
रायली डोळे मिटून बसली होती.
पट्टा नीट बांधत जा तिचा, म्हणाली.