प्रतिवादाची जागा

त्रेसष्ट निबंध. एफवायचे, अनिवार्य इंग्रजी.
विषय ज्याने त्याने आपापला घ्यायचा,
फक्त बाजू घ्यायची. कुंपणावर बसायचं नाही,
असं मी फळ्यावर लिहिलं होतं
आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

आधी दावा. मग पुरावा.
मग समोरच्याचं म्हणणं,
तो स्वतः वाचून मान डोलावेल इतकं नीट.
आणि मग ते खोडून काढायचं. पाच गुण.
वर्गात मी हे इतक्या ठसक्यात सांगते
की मागच्या बाकावरचा सुयोगसुद्धा
मोबाइल पालथा ठेवतो.

मी तासिका तत्त्वावर. नववं वर्ष.
थकलेल्या मानधनाचा अर्ज याच पद्धतीने लिहिला होता:
दावा पहिल्याच ओळीत, पुरावे जोडपत्र अ ते ई,
कॉलेजची अडचणसुद्धा एका परिच्छेदात समजून घेतली होती.
प्राचार्य म्हणाले, छान लिहिता हो तुम्ही.
बघू.

ऐरोली, सेक्टर आठ. रात्रीचे पावणेबारा.
अडतीस जणांनी सुरुवात केलीय
'आजच्या आधुनिक युगात' अशी, इंग्रजीतून,
एकाच कुठल्यातरी गाइडातून.
मोबाइल शाप की वरदान: एकवीस.
त्यातले दोन स्पेलिंगच्या चुकांसकट सख्खे भाऊ.
एकाने लिहिलंय, हुंडा वाईट आहे कारण तो वाईट असतो.
मी समासात 'का?' लिहिते
आणि आपलीच लाज वाटून खोडते.

चाळिसावा. दीक्षिता मढवी, दिवागाव.
दावा: खाडीत रसायनं सोडणारे कारखाने बंद करा.
पुरावा: बाबा.
बाबांचा पाग, आधी एका भरतीला किती चिंबोऱ्या
आणि आता किती, आकड्यांत.
निवट्यांना रॉकेलचा वास येतो,
गिऱ्हाईक शिजवलेलं कालवण पातेल्यासकट परत आणतं
आणि आई पैसे देऊन टाकते, वाद न घालता.
'चिखलातला मासा' असं लिहून तिने खोडलंय.
पुढे सगळीकडे निवटीच, रोमन लिपीत,
जणू ज्याला कळायचं त्याला कळेल.

मग दुसरी बाजू.
बाकीच्यांकडे इथे 'काही लोक म्हणतात' येतात
आणि तीन ओळींत हरून जातात.
हिच्याकडे भाऊ येतो.
रबाळ्याला, रंगाच्या कारखान्यात, तीन वर्षं.
नखांच्या कडा निळ्या, रविवारीही.
माझी फी त्याने भरली.
कारखाना बंद झाला तर तो घरी बसेल
आणि त्याच्या शेजारी मी.
वाक्यं लहान. एकही चूक नाही.
आख्ख्या निबंधात फक्त इथेच
सगळी 'अ' आणि 'द' आपापल्या जागी.

खाली सहा ओळी कोऱ्या.
शेवटी पेन्सिलने, मराठीत:
मॅडम, इथे काय लिहायचं?

मला माहीत आहे काय लिहायचं.
पाणी प्रक्रिया करून सोडावं, नोकऱ्याही राहतील,
कायदा आहेच, अंमलबजावणी हवी.
दरवर्षी मी हे सांगते, झोपेतही सांगेन.
लाल पेनाचं टोपण काढलं.
मग उगाच डोळ्यांसमोर आलं त्यांचं जेवण:
बाप आणि भाऊ, मध्ये भाताचं पातेलं,
एक जण वाढतो, दुसरा पुरे म्हणतो.
तिथे कोण कुणाला खोडून काढतं?

पाच गुणांची चौकट तशीच ठेवली.
पेन्सिलीच्या ओळीखाली मी
पेन्सिलनेच एक ओळ सुरू केली,
'दीक्षिता,' आणि स्वल्पविराम.

साडेबाराला वास आला, नेहमीसारखा,
रबाळ्याच्या बाजूने, गोडसर, घशाला धरणारा.
उठले. खिडकी लावून घेतली.
हा प्रतिवाद नव्हे,
माहीत आहे मला.

एक्केचाळिसावा.
मोबाइल: शाप की वरदान.