कोपर टेकायची जागा

या वाद्याला दोन माना.
पलीकडची रडते. ती मला येते.
अलीकडचीवर मी एकोणीस वर्षं
कोपर टेकवलं.
दहा तारा, सहाव्या सुरात लावलेल्या,
आणि त्यांच्यावर घासून विरलेली माझी बाही.

हे वाद्य अल्विन हावर्दाचं.
फ्लेटोनियाच्या हॉलमध्ये पोल्का संपायची,
म्हातारी जोडपी खुर्च्यांकडे वळायची,
तेव्हा तो अलीकडच्या मानेवर यायचा
आणि वळलेली जोडपी परत फिरायची.
हे काय वाजवतोस, असं कुणी विचारलं नाही.
मी दाराशी तिकिटं फाडायचे. मीही नाही.

आता तो ला ग्रेंजला, नर्सिंग होममध्ये, खोली चौदा.
झटक्यानं शब्द नेले.
बायकोचं नाव नेलं, पाण्याचं नाव नेलं.
आकडे तेवढे मागे राहिले,
उचलायला कुणी न आलेल्या सामानासारखे.

रविवारी मी तीस किलोचं धूड व्हॅनमधून उतरवते,
पाय जोडते, पेडलच्या सळ्या अडकवते.
नर्स म्हणते, आवाज बेतानं.
अल्विन बघतो. कपाळाला आठी.
"पाच."

पडदे नसतातच हिला, नुसत्या आखलेल्या रेघा.
बार रेघेच्या बरोब्बर डोक्यावर धरायचा;
केसभर घसरला की सूर आंबतो.
पाचवर ठेवला. चार तारा छेडल्या.
ए, एफ, डी, सी.
कुणीतरी इस्त्रीचा शर्ट घालून
खोलीत आल्यासारखं झालं.

"दहा."
दहावर तोच माणूस, फक्त टोपी वेगळी.

मला रागच आला.
इतकं सोपं? सरळ बार, सरळ मनगट,
आणि मी इतकी वर्षं पलीकडे वाकून रडत होते?

मग म्हणाला, "सात."
सातवर गेले. त्यानं मान हलवली.
"सात."
अरे, सातच आहे हे! मी रेघा मोजून दाखवल्या,
एक, दोन, तीन, लहान मुलाला दाखवतात तशा.
नंतर लाज वाटली त्याची.
तो चाकाच्या खुर्चीतून वाकला,
चालत्या हातानं माझा डावा बूट धरला
आणि पेडलांवरून उजवीकडे ढकलत नेला,
नेला, आणि सोडला.

सात हाताचं नव्हतं. पायाचं होतं.

बार परत पाचवर. पेडल दाबलं.
दोन तारा वर चढल्या, दोन जागच्या हलल्या नाहीत.
एफच उठून गेला. म्हणजे घरमालकच गेला,
आणि घर होतं त्याहून मोठं वाटू लागलं.
खाली अल्विननं घशात एक सूर धरला,
खोल, खरखरीत: एफ.
पूर्वी तो मिल्टन कुबेना द्यायचा, उभ्या बासवर.
मिल्टन आता मुलाकडे असतो, फ्रेस्नोला.

ए, जी, ई, सी. मी पुटपुटत होते.
ए, जी, ई, सी.
आणि बार उचलला, उगीच,
मोकळ्या तारांवर बोट फिरवलं:
ई, सी, ए, जी.
तेच. तेच चार.
माझ्या कोपराखाली होते ते.

अल्विननं घशातला सूर बदलला. ए.
मी काहीच बदललं नव्हतं,
पण आता तेच चौघं
कुणाला तरी स्टेशनवर सोडून परतत होते.
तो हसला, अर्ध्या तोंडानं; दुसरं अर्धं हसत नाही.

निघताना पुन्हा म्हणाला, "चौदा."

घरी येऊन चौदावी रेघ पाहिली. त्या गाण्यात ती बसत नाही,
दोन सूर बोचतात. सातवं दाबून पाहिलं, सहावं पाहिलं.
कदाचित खोलीचा नंबर सांगत असेल,
मी विसरू नये म्हणून.
कदाचित चौदा दिवसांनी ये.

कोपर हवेत धरून बसले आहे.
दंड दुखतो.
सोडून अजून काही सापडत नाही.