खेळतं भांडवल

पुस्तकात त्याला खेळतं भांडवल म्हणतात.
भारंबे मॅडमनी फळ्यावर वर्तुळ काढलं,
रोख, माल, उधारी, पुन्हा रोख,
आणि म्हणाल्या, जितकं लवकर फिरेल तितकं बरं.
त्या वर्तुळात कुठेही ऊन नव्हतं.

तिसऱ्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी
मी डिसेंबरात नंदुरबारला आले,
हिंमतशेठच्या मिरचीच्या पथारीवर.
बायपासच्या कडेला सोळा एकर जमीन,
सगळी एका रंगाची.
पहिल्या दिवशी मी फक्त खोकले.
दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला.

मुनीम दगाजी आप्पा, चष्म्याला दोरा,
वह्या पुढ्यात सरकवून चहा सांगायचे.
ओली मिरची आली: शंभर क्विंटल.
सुकून भरली: सत्तावीस.
माझ्या शीटमध्ये त्र्याहत्तर क्विंटलचा लाल चौकोन.
तीनदा बेरीज केली,
काट्याच्या पावत्या पुन्हा लावल्या,
चोरीसुद्धा मनात आली, खोटं कशाला बोलू.
आप्पांनी वर पाहिलंही नाही.
‘पानी उडी गयं, पोरी. तेनं काय लिखनं?’

लिहायचं असतं, आप्पा.
आमच्याकडे सगळं लिहायचं असतं,
सामान्य घट, असामान्य घट,
आणि पैसा किती दिवस उन्हात पडून राहिला ते.
मी मोजलं.
सुकायला बारा, देठ खुडायला पाच,
पोत्यात नऊ,
इंदूरच्या व्यापाऱ्याकडून पैसे यायला एकवीस.
सत्तेचाळीस दिवस.
हा आकडा मला इतका आवडला
की वहीच्या मागच्या पानावर तो नुसताच दोनदा लिहिला.

मग एका पहाटे साडेतीनला
(मी शेठच्या ऑफिसच्या माडीवर झोपायचे)
रखवालदार दौलत ओरडला: ‘आभाय उनं! उठा रे!’
झोपड्यांतून बायका, पुरुष, पोरं,
कुणाच्या हातात फावडं,
कुणाच्या हातात निळ्या प्लॅस्टिकचं टोक.
ठगीबाईने मला पाहिलं आणि काही न बोलता
दुसरं टोक माझ्या हातात दिलं.
अंधारात मिरची दिसत नाही, नुसती चावते.
सोळा एकरांतलं किती झाकलं, सांगता येणार नाही.
चार थेंब पडले. खरंच चारच.
सहाला आभाळ लख्ख, जसं काही घडलंच नाही,
आणि जे झाकलं होतं ते आम्ही
पुन्हा पसरायला लागलो.

हात दिवसभर पेटलेले.
ताक लावलं, तेल लावलं.
ठगीबाई म्हणाली, डोळ्याला हात लावू नको,
रडायचं असलं तर तीन दिवस थांब.

त्या रात्रीची मजुरी वहीत नव्हती.
आप्पांना विचारलं. ते चष्मा पुसत राहिले,
पुसून झाल्यावरही.
मी शीटमध्ये एक रकाना वाढवला: ढग.
मॅडमनी फोनवर विचारलं, याचं एकक काय?
मला सुचलं नाही.
रकाना काढला नाही मात्र,
शेवटच्या परिशिष्टात नेऊन ठेवला,
जिथे कुणी जात नाही.

जळगावला व्हायवा. बाहेरचे परीक्षक.
तरलता, गुणोत्तरं, भांडवलाचा खर्च,
पानं भराभर उलटत होते,
आणि माझ्या डोक्यात माझंच शैक्षणिक कर्ज,
पहिला हप्ता, पास झाल्यावर सहा महिन्यांनी.
परिशिष्टाच्या पानावर ते शिंकले.
एकदा, दोनदा, मग थांबेचनात.
रुमालातून म्हणाले, हे काय आहे?
प्रायमरी डेटा, सर, मी म्हणाले.
शिपाई खिडकी उघडायला उठला.