मागचा आस

टाकी मीच काठोकाठ भरली होती, तीनशे गॅलन.
अर्ध्या टनाची पिकअप, सव्वा टन पाणी,
आणि शेजारी आइता, मांडीवर टोपी ठेवून.
तिसऱ्या चढावर खालून आवाज आला:
कुत्र्यानं सुकं हाड फोडावं तसा.
मग इंजिन फिरतंय, दांडा फिरतोय,
चाकं मात्र रुसलेली.
वर मेंढ्या ताटकळत होत्या,
आणि त्यांच्यावर नेवाडाचं कोरडं आभाळ,
ज्याला कशाचीच घाई नसते.
आइता म्हणाला, "अर्धीच भर म्हटलं होतं."
बास्कमध्ये म्हणाला.
रागावला की माझा बाप घरच्या भाषेत जातो.

शेडमध्ये झाकण उघडलं.
काळं तेल परातीत उतरलं, त्यामागून दात.
मी बोटानं चाळून मोजले: सात.
आइतानं वाकून पाहिलं,
आणि हळूच स्वतःची कवळी काढून
परातीशेजारी ठेवली.
किती दिवसांनी हसलो आम्ही,
आई गेल्यापासूनच्या त्या शेडमध्ये.

वेल्स गावाबाहेर डेल्मारचं भंगार.
तिथं गवतात पालथी पडलेली
काउंटीची जुनी रुग्णवाहिका,
तिच्याखाली चौदा बोल्टांचा आस,
गंजलेला, पण आत तेल मधासारखं.
दीडशे डॉलर, आणि शरदात एक कोकरू.
"एवढ्या म्हाताऱ्या गाडीला," आइता म्हणाला,
"एवढा तगडा आस कशाला?"
मी काही बोलले नाही.
गाडी कितीही जुनी असो,
आस मोठाच असावा.

मग आठवडाभर ग्राइंडरच्या ठिणग्या.
जुने यू-बोल्ट सुटेनात, ते कापले.
पाट्यांखालच्या नव्या बैठका, ब्रेकच्या नव्या नळ्या,
दांडा एल्कोला नेऊन दोन इंच कमी करून आणला.
शेजारचा एनेको आला साखळी-पुली घेऊन,
आणि त्या पाचशे पौंडांच्या धुडाला
बास्क, स्पॅनिश, इंग्रजी, तिन्ही भाषांत शिव्या देऊन गेला.

वेल्डिंगआधी कोन बघायचा होता.
पातळीची नळी आइतानं धरली,
कारण ती तोच धरणार होता.
हात थरथरत होता, बुडबुडा इकडून तिकडे.
मी मास्क वर करून थांबले.
या माणसाला कुत्र्यांची शिट्टी आधी आली, इंग्रजी मग;
त्यानं वणव्यात नऊशे मेंढ्या नदीपार नेल्या होत्या.
त्यानं श्वास रोखला.
बुडबुडा रेघेवर येऊन बसला.
"चार अंश," तो म्हणाला, श्वास न सोडता.
तेवढ्यात मी दोन टाके मारले,
एक डावीकडे, एक उजवीकडे.

आता पुढच्या चाकांना पाच भोकं, मागच्यांना आठ.
स्टेपन्या दोन बाळगाव्या लागतात.
"म्हणजे निम्मी गाडी आजाऱ्यांची," आइता म्हणतो,
आणि मागच्या बाजूला जरा अदबीनं टेकतो.

आणखी एक गोष्ट.
गिअरचं प्रमाण बदललं की काटा खोटं बोलतो.
पंचेचाळीसनं जाताना साठ दाखवतो.
इलाज आहे, बारा डॉलरचं
प्लास्टिकचं दातेरी चाक, नखाएवढं.

पहिल्या दिवशी टाकी पुन्हा काठोकाठ भरली.
पहिला चढ. दुसरा.
तिसऱ्यावर दोघंही गप्प, कान खाली लावून.
फक्त एक नवी, जाड गुणगुण.
पठारावर आल्यावर आइतानं काट्याकडे पाहिलं.
"साठ?"
"साठ," मी म्हटलं.
"भरल्या टाकीनं?"
"भरल्या टाकीनं."
त्यानं मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घट्ट बसवली,
काच खाली केली,
आणि कोपर बाहेर काढलं,
एकोणीस वर्षांच्या पोरासारखं.

ते दातेरी चाक आणलंय मी.
डॅशबोर्डच्या खणात आहे,
पाकीट अजून फोडलेलं नाही.