एकतर्फी

रात्रीचे दोन वाजून दहा. पुएर्तो मोंत्तच्या ऑफिसात
हीटर, मी, आणि चुकाओ.
चुकाओ म्हणजे आमचा सर्व्हर. माझ्या आधीच्या माणसानं
रानातल्या पक्ष्याचं नाव ठेवलं त्याला,
जो उजवीकडून ओरडला तर शुभ,
डावीकडून ओरडला तर आल्या वाटेनं घरी फिरावं.
हा रॅकमध्ये बसून दोन्हीकडून सारखाच घरघरतो.

तक्रार केयोनच्या पलीकडून,
सामन माशांच्या पिंजऱ्यांशेजारी नांगरलेल्या तराफ्यावरून:
फोन वाजतो. उचलतो. कोणीच नसतं.
खाली नाव, एलेउतेरिओ मिलाकुरा, रात्रपाळी.

मी लावला. वाजला. त्यानं उचलला.
"आलो? आलो?"
बोला मिलाकुरा, ऐकतेय मी.
"आलो?"
अहो, ऐकतेय.
"मेलाय हा पण," तो म्हणाला,
आणि फोन तसाच टेबलावर ठेवला, चालू.

कुठेतरी पाणी मुरत होतं.
मी आकडे उघडले:
त्याच्याकडून आलेली पाकिटं चार हजार दोनशे,
माझ्याकडून गेलेली जवळजवळ तेवढीच,
पोचल्याची पोच शून्य.

मंगळवारी तराफ्यावर नवा राऊटर बसवलाय.
तेव्हापासून त्याचा फोन स्वतःचा पत्ता सांगतो तो घरातला,
म्हणजे "चुलीमागची खोली" असा,
जो त्या घरात बरोबर
आणि जगात कुठेच नाही.
चुकाओ भाबडा. सांगितलेल्या पत्त्यावर
माझा आवाज इमानानं नेऊन टाकत होता,
सेकंदाला पन्नास तुकडे, सगळे वाया.

दुरुस्ती दोन ओळींची. मला पाठ आहे.
पण स्पीकरमधून किटलीची वाफ आली,
माते ओढल्याचा तो शेवटचा खरखरता घोट,
मग बाहेर लाकडावर काठी आपटून
"चल! चल हाट!" जाळ्याला लागलेल्या समुद्रसिंहाला,
मग खुर्ची.
मग घसा साफ करणं.

"सेन्योर बार्रिआ, एक विनंती होती."
थांबला.
"सेन्योर बार्रिआ, आपल्याला ठाऊकच आहे, नऊ वर्षांत मी कधी…"
नको.
"डॉन ओस्काल्दो, शुक्रवारी पोरीचा शपथविधी आहे.
नर्स होतेय. कास्त्रोला. सकाळी अकराला."
मग हळू, स्वतःशीच:
"अकराला पोचायचं तर गुरुवारची बोट."
मग पुन्हा पहिल्यापासून, "सेन्योर बार्रिआ",
या खेपेला आवाज जरा जाड करून,
जणू उसना कोट घातलाय.

मी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.
भिंतीला कान असतात म्हणतात.
पगार घेऊन भिंत व्हायचं मला माहीत नव्हतं.
फोन ठेवून देता आला असता. मी ठेवला नाही.
हे लिहून ठेवते, कारण लॉगमध्ये ते नाही.

सातव्या की आठव्या खेपेला
तो "विनंती" शब्द गाळून नुसतं म्हणाला,
"मला जायचंय."
तेव्हा मी त्या दोन ओळी लिहिल्या:
फोन काय पत्ता सांगतो तिकडे लक्ष देऊ नकोस,
आवाज जिथून येतोय
तिथेच उत्तर पाठव.

सेवा पुन्हा सुरू. फोन तुटला. मी परत लावला.
"आलो?"
येतंय का ऐकू?
"येतंय!" इतक्या मोठ्यानं, की मी हेडफोन दूर धरला.
मग जरा वेळानं:
"मघाशी… लागला होता का तुमच्याकडे?"
नाही, म्हटलं. आत्ता लागला.

तिकीट बंद केलं. कारण: चुकीचा पत्ता.
लागलेला वेळ: सत्तेचाळीस मिनिटं.
सुपरवायझरनं सकाळी विचारलं, दोन ओळींना सत्तेचाळीस?
शोधायला वेळ गेला, मी म्हणाले.

यादीत माणसांच्या नावापुढे ठिपके असतात.
हिरवा हवा. करड्याचा मला राग;
करडा म्हणजे कुणाची तरी केबल, कुणाची तरी बॅटरी,
आणि माझी झोप.
शुक्रवारी काम नव्हतं माझ्याकडे. तरी अकराला
यादी खाली सरकवत म पर्यंत गेले.

मिलाकुरा, एलेउतेरिओ.
करडा.
शेजारी बारीक अक्षरात: रजेवर.